हजार-बाराशेतली वाईन आणि आपलं जेवण : एका भिशीची वही

गंगापूर_रोड

आमच्या सोसायटीत सहा जणांची वाईन भिशी आहे. नंबर लागतो तो पैशाचा नाही, यजमानपदाचा. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ज्याचा नंबर त्याच्या घरी जेवण, बाकी पाचांनी वर्गणी काढून तीन बाटल्या आणायच्या. नियम तीनच. बाटली १२०० रुपयांच्या आत. बाटलीवर पायमोजा चढवलेला, म्हणजे लेबल दिसत नाही (धुतलेला मोजा, हे वेगळं लिहावं लागलं, त्याला कारण घडलं). आणि चकणा बंद.

तिसरा नियम सगळ्यात जड गेला. आपल्याकडे 'बसायचं' म्हणजे दोन तास खारे दाणे, मसाला पापड, शेव, आणि मग साडेअकराला गार झालेला रस्सा. व्हिस्कीचं त्यात भागतं, वाईनचं नाही. ती ताटाबरोबरच प्यायची, घासामागे घोट.

मागच्या महिन्यात वर्ष झालं. वहीत बरंच साठलंय, ते इथे ओततो. मी जाणकार वगैरे नाही. नाशिकमध्ये राहतो आणि दर पाहुण्याला गंगापूर धरणाकडे फिरवून आणावं लागतं, एवढीच पात्रता.

पहिले तीन महिने सगळ्यांनी मुकाट्याने रेड आणल्या. रेड म्हणजे खरी वाईन आणि व्हाईट म्हणजे सरबत, असा एक समज आपल्या डोक्यात कुणी घातलाय देवजाणे. चौथ्या महिन्यात नंबर आला मूळच्या कोल्हापूरच्या शेजाऱ्यांचा. तांबडा, पांढरा, सुकं मटण, यथासांग. तिन्ही मोज्यांत रेड. पहिल्या वाटीपर्यंत सगळे शूर होते. दुसऱ्या वाटीला प्रत्येकाच्या कपाळावर घाम, आणि वाईनचा घोट घेतला की तिखट शमायच्या ऐवजी आणखी चढायचं. मागून कच्चं जांभूळ चावल्यासारखी जीभ आवळून यायची. एकानं तर घोट तोंडातच धरून ठेवला, गिळावा की बेसिनकडे जावं ते ठरेना.

वहिनींनी फ्रिजमधून स्वतःसाठी उघडलेली अर्धी शेनिन ब्लां (व्हाईट) काढली आणि सगळ्यांना दोन-दोन बोटं ओतली. गारगार, किंचित गोडसर. पाच मिनिटं कुणी बोललंच नाही, सगळे जेवत होते.

नंतर वाचून आणि विचारून कळलं ते असं. मिरचीचा जाळ अल्कोहोलनं वाढतो. रेडमधला तुरटपणा (टॅनिन, सालीतून आणि बियांतून येतो) तिखटाबरोबर कडवट लागतो. उलट थोडी साखर आणि गारवा यांनी जाळ बसतो. आणि वाईनचा आंबटपणा तेलाचा तवंग कापतो, आपण भजीवर लिंबू पिळतो तसाच. म्हणजे आपल्या जेवणाला लागतं काय? कमी तुरट, आंबटसर, जमलं तर जराशी गोड, आणि थंड. हे वर्णन शेनिनचं आहे. ही मूळची फ्रान्समधल्या लुआर नदीकाठची द्राक्षं, पण नाशिकच्या मातीत अशी रुजलीत की हजाराच्या आसपास आपल्याकडे दुसरं काहीच इतकं नीट बनत नाही, असं माझं ठाम मत झालंय. सुला कंपनीची गोडसर बाजूला झुकते, फ्रातेल्ली कंपनीची ड्राय (गोडवा नसलेली). जेवण तिखट असेल तर पहिली, वरण-भात-बटाट्याची भाजी-कोशिंबीर असं सौम्य ताट असेल तर दुसरी.

आता वहीतलं, जसं आठवेल तसं.

पांढरा रस्सा आणि शेनिन : वर्षातली सगळ्यात चांगली जोडी. काजू-खसखस-नारळाच्या दुधाचा गुळगुळीतपणा आणि वाईनचा आंबटपणा, एकाला दुसऱ्याची गरज असते तसं.

रव्यातली सुरमई, बोंबील : सोव्हिन्यों ब्लां, हीपण व्हाईट. हिरव्या मिरचीसारखा, कापलेल्या गवतासारखा वास येतो तिला. माशावर लिंबू पिळू नका, काम वाईन करते.

खानदेशी भरीत : इथे आम्ही सगळे चुकलो होतो. व्हाईटच जाणार म्हणून पैज लावली होती आणि मोज्यातून निघाली शिराझ. काटक्यांवर भाजलेल्या वांग्याचा धूर आणि शिराझचा मिरीसारखा वास यांचं जमतं. अट एकच, भरतात हिरवी मिरची हात राखून. सोबत ठेचा घेतलात तर सगळं पाण्यात.

काळ्या मसाल्याचं मटण (तिखट मध्यम) : हीच शिराझ. खोबरं, तीळ, दगडफूल भाजलेलं असलं की रेडला पकडायला काहीतरी मिळतं.

पिठलं-भाकरी : थंड रोझे. झिनफँडेल रोझे दुकानात सहज मिळते. लसणाच्या फोडणीला गुलाबी रंगाची वाईन चालेल असं वाटलं नव्हतं.

पुरणपोळी : लेट हार्वेस्ट शेनिन, छोटी बाटली. घड वेलीवर जास्त दिवस ठेवून साखर आटवलेल्या द्राक्षांची ही वाईन. गोडाबरोबर वाईन त्या पदार्थाइतकी तरी गोड हवी, नाहीतर आंबट पाणी लागतं. आम्ही सणाच्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी शिळ्या पोळीबरोबर प्यायलो. तूप जरा कडेला करपेपर्यंत पोळी तव्यावर टाकायची. बस.

मिसळ : नाही. चार वेगवेगळ्या बाटल्या वाया घालवून सांगतो, नाही. ताक प्या.

---

पहिलटकर

झकास धागा! वाचनखूण साठवली. माझे बाळबोध प्रश्न :

१. रेड 'रूम टेंपरेचर'ला प्यायची म्हणतात. मे महिन्यात माझ्या रूमचं टेंपरेचर ३६ आहे. काय करू?
२. खास काचेचे ग्लास लागतात का? घरात स्टीलचे फुलपात्र आहेत.
३. उघडलेली बाटली किती दिवस टिकते? आम्ही दोघंच, आणि बायको दोन घोट घेते.

---

गंगापूर_रोड

> माझ्या रूमचं टेंपरेचर ३६ आहे

ती 'रूम' युरोपातली, दगडी भिंतींची. रेडला १६ ते १८ अंश हवेत. आपल्याकडे प्यायच्या आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायची. कोमट रेड म्हणजे खोकल्याचं औषध. व्हाईट आणि रोझे मात्र तीन तास फ्रिजमध्ये, आणि टेबलावर बर्फाच्या पातेल्यात.

ग्लासचं म्हणाल तर काचेचा कुठलाही, तोंड जरा आत वळलेला, आणि तिसरा हिस्साच भरायचा, म्हणजे वास साठायला जागा राहते. स्टीलच्या फुलपात्रात रंग दिसत नाही, वास उडून जातो, आणि ओठाला भांडंच लागतं.

उघडल्यावर झाकण लावून फ्रिजमध्ये उभी ठेवलीत तर तीन दिवस, रेडसुद्धा. दोघंच असाल तर ३७५ मिलीची बाटली घ्या. किंवा ७५० ची उघडताच अर्धी एखाद्या स्वच्छ छोट्या बाटलीत काठोकाठ ओतून बूच लावून टाका. हवा लागली नाही की आठवडा निघतो.

---

कोल्हापुरी_ठसका

ताटाला दोष द्यायच्या आधी रस्सा नीट झाला होता का ते विचारा! तांबडा रस्सा नुसता जाळ नसतो हो. पण मुद्दा मान्य. आमच्याकडे दिवाळीत पुण्याचा जावई एकदा चांगली महागाची कॅबर्ने (रेड) घेऊन आला होता. सासऱ्यांनी एक घोट घेतला, "ह्यात काय घालू म्हणजे प्यायला येईल?" असं विचारलं आणि जावयासमोर त्यात सोडा आणि साखर घातली. जावई गप्प. आता त्याला हा धागा पाठवतो.

---

तिरफळ

बांगड्याचं तिरफळाचं कालवण विसरलात! आम्ही कुडाळकडचे. पहिल्यांदा रेडबरोबर घेतलं तर तोंडात गंजकी चव आली, खिळा चोखल्यासारखी. तेलकट मासा आणि रेडचं जमत नाही, हा धडा मिळाला. मग ड्राय शेनिन घेतली, ती बरी. पण कालवणात कोकम जास्त पडलं असेल तर वाईन फिकी पडते. माझा अनुभव असा की ताटातला आंबटपणा ग्लासातल्या आंबटपणापेक्षा वरचढ झाला की वाईन मेली. म्हणून सोलकढी आणि वाईन एका जेवणात नाहीच. एकीला निवडा. (मी सोलकढी निवडते.)

गोव्याहून पाहुणे 'पोर्ट वाईन' आणतात, त्याचं काय करायचं कुणी सांगेल का? गोड, दाट, स्वस्त. आजी मात्र खूश असते.

---

राईनकाठी

@तिरफळ, ती पोर्ट आणि पोर्तुगालची पोर्ट यांचं नातं आडनावापुरतंच. दोउरो खोऱ्यातल्या खऱ्या पोर्टमध्ये द्राक्षरस आंबत असतानाच मध्ये द्राक्षाचं मद्य घालून आंबणं थांबवतात, म्हणून साखर शिल्लक राहते आणि अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास जातं. गोव्याच्या बाटलीला कमी लेखू नका मात्र. बर्फ, लिंबाची फोड, आणि बेबिंका (गोव्याचा थरांचा गोड पदार्थ). आजीला बरोबर कळलंय.

मी जर्मनीत असतो, तर इकडची भर घालतो. आपल्या जेवणाला इथली सगळ्यात चांगली आणि परवडणारी वाईन म्हणजे मोझेल खोऱ्यातली रिझलिंग ही व्हाईट, लेबलवर 'काबिनेट' (म्हणजे हलकी) लिहिलेली. सुपरमार्केटमध्ये आठ-दहा युरोत झकास मिळते. 'ट्रॉकन' म्हणजे गोडवा नसलेली, 'हाल्बट्रॉकन' आणि 'फाइनहर्ब' म्हणजे मधली. एक खूण लक्षात ठेवा : रिझलिंगच्या बाटलीवर अल्कोहोल ८-९ टक्के दिसलं तर ती गोडसर असणार, कारण सगळ्या साखरेचं मद्य झालेलंच नाही. १२ च्या पुढे असेल तर ड्राय. तिखटासाठी पहिली उचला. मी गेल्या आठवड्यात झुणका आणि ज्वारीची भाकरी (पीठ भारतीय दुकानातलं, भाकरीला भेगा, हसू नका) याबरोबर घेतली. आई व्हिडिओ कॉलवर होती. ग्लासात काय आहे विचारलं, मी ॲपल ज्यूस म्हटलं.

---

वेलीखालचा

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे आमची, त्यात दीड एकर वाईनची. तुम्ही ग्लासाबद्दल बोलताय, मी मुळाबद्दल बोलतो.

खायच्या द्राक्षाला आम्ही फुगवतो. मणी मोठा, साल पातळ, बी नको. थॉमसन जातीच्या घडाला विरळणी करा, जी.ए.च्या (मणी फुगवणाऱ्या संजीवकाच्या) बुडवण्या करा, मग बाजारात भाव. वाईनच्या द्राक्षात सगळं उलटं. मणी बारीक पाहिजे, साल जाड, बी चालते, कारण रंग आणि तुरटपणा सालीत असतो. एका वेलीवर माल कमी ठेवावा लागतो. पाहुणे बागेत येतात, एखादा शिराझचा मणी तोंडात टाकतात आणि म्हणतात, "अरे, हे तर खायच्या द्राक्षापेक्षा गोड!" असणारच. साखर २२-२३ ब्रिक्सला (रसातल्या साखरेचं माप) आली की काढणी. एका बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्ष लागतं, त्यावरून तुम्हीच गणित करा.

एप्रिलमध्ये खरड छाटणी (नवी काडी वाढवायला), सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी (फळ धरायला). युरोपात द्राक्ष उन्हाळा संपता काढतात, आपल्याकडे हिवाळा संपता. कारण पावसाळ्यात घड वेलीवर असेल तर डावणी आणि भुरी हे बुरशीचे रोग सगळं खाऊन टाकेल. म्हणून आपलं वर्ष फिरवून घेतलंय. जानेवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत काढणी, तीही पहाटे चार वाजता डोक्याला बॅटरी लावून, कारण ऊन चढलं की द्राक्ष क्रेटमध्येच आंबायला लागतं. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा उतरला की बातमी होते, आणि आम्ही बागेत शेकोट्या पेटवून बसलेले असतो.

आता तुमच्या कामाचं. बाटलीवर वर्ष असतं, ते काढणीचं. व्हाईट आणि रोझे हे ताजेपणाचे जीव आहेत. दोन वर्षांपेक्षा जुनी दिसली तर सोडून द्या, दुकानदार कितीही म्हणाला की वाईन जुनी तितकी चांगली. ते म्हणणं मोजक्या भारी रेडबद्दल खरं आहे. बाराशेतल्या बाटलीबद्दल नाही.

आणि एक. २००८ च्या मंदीनंतर आणि मुंबईवरच्या हल्ल्यानंतर हॉटेलं ओस पडली, मागणी बसली. ज्यांनी वाईनची बाग केली होती त्यांच्या क्रेटला गिऱ्हाईक नव्हतं. आमच्या शिवारात कितीतरी वेलींवर कुऱ्हाड चालली. माझ्या वडिलांनी शेनिन ठेवली आणि कॅबर्ने उपटली. तुम्ही वर जे निष्कर्ष लिहिलेत ते त्यांना १५ वर्षं आधीच माहिती होते बहुतेक.

---

गंगापूर_रोड

@वेलीखालचा, दंडवत. हा प्रतिसाद धाग्यापेक्षा मोठा आहे.

वर्षाच्या मुद्द्यावरून दुकानाचं आठवलं. आपल्या 'वाईन शॉप'मध्ये वाईन सोडून सगळं मिळतं. वाईन असते ती वरच्या फळीवर, ट्यूबलाइटखाली, उभी, धूळ खात. एका दुकानातून (नाव राहू दे) आम्ही घेतलेली सोव्हिन्यों रंगानं चहासारखी निघाली. वासाला दबलेलं सफरचंद. लेबल पाहिलं तर चार वर्षांपूर्वीची. तेव्हापासून ठरवलंय, ज्या दुकानात खप जास्त तिथूनच घ्यायची, फ्रिजमधलीच मागायची, आणि बाटली उजेडात धरून रंग बघायचा. फिकट पिवळा, हिरवट झाक ठीक. सोनेरी-तपकिरी नको. फिरकीचं झाकण असलं तर कमीपणा मानू नका. ताज्या व्हाईटला ते बुचापेक्षा बरं.

---

खडूस_आजोबा

छान. आता द्राक्षाच्या नावाखाली दारूचं कौतुक. २०२२ मध्ये सरकारनं सुपरमार्केटात वाईन ठेवायचं ठरवलं तेव्हाही असेच लेख येत होते, शेतकऱ्याचं भलं म्हणे. वाईन ही दारूच आहे. आमच्या चाळीत काय काय पाहिलंय ते तुम्हाला सांगून उपयोग नाही.

---

गंगापूर_रोड

@खडूस_आजोबा, वाईन ही दारूच आहे, वाद नाही. १२-१३ टक्के अल्कोहोल आहे, औषध म्हणून कुणी पिऊ नये आणि न पिणाऱ्यानं या धाग्यामुळे सुरू करू नये. आम्ही सहा जणांत तीन बाटल्या, म्हणजे माणशी अर्धी, महिन्यातून एकदा. सगळे एकाच सोसायटीतले, गाडीला किल्ली लागत नाही. मद्य पिण्याचा परवाना सगळ्यांकडे आहे. चाळीतलं तुम्ही पाहिलंय ते आमच्यातल्या दोघांनी घरात पाहिलंय, म्हणूनच चकणा बंद आणि घड्याळ चालू.

---

श्रावणी_सोमवार

शाकाहारींना नेहमीप्रमाणे पनीरवर बोळवणार असं वाटलं होतं, भरीत आणि पिठलं बघून बरं वाटलं. आमच्या घरी (सोलापूर) जमलेल्या जोड्या :

फ्रातेल्लीची सांजोव्हेसे (रेड) आणि शेंगाचटणी, कडक भाकरी, दही. हसू नका. वाईन अकलूजजवळच्या मोटेवाडीची, चटणी सोलापूरची, दोघी एकाच जिल्ह्याच्या. ही द्राक्षं मूळची इटलीतल्या टस्कनीची, तिकडे टोमॅटोबरोबर खातात. मग आम्ही टोमॅटोचं सार आणि भरलं वांगं करून पाहिलं. वांग्याच्या मसाल्यात दाण्याचं कूट असलं की रेडचा तुरटपणा मऊ होतो. मीठ आणि स्निग्धता पाहिजे, मग रेड वाकडं वागत नाही.

कोथिंबीर वडी आणि बुडबुड्यांची ब्रूट (ड्राय). तळलेल्याला याच्याइतकं चांगलं काही नाही. बटाटेवड्यालाही चालते, फक्त लसणाची सुकी चटणी बाजूला ठेवा.

फसलेलं : पालकाची ताकातली पातळ भाजी. ताकाचा आंबटपणा, तिरफळ म्हणते तेच झालं. आणि कारल्याबरोबर कुठलीही वाईन, कडूवर कडू.

बुडबुडेवाली तुमच्या बाराशेत बसते का?

---

गंगापूर_रोड

काठावर. दुकानागणिक वर-खाली होते. म्हणून सहामाहीतून एकदा नियमातून सूट दिलीय. दाण्याच्या कुटाचं वहीत लिहून घेतलं.

---

जुना_गडी

बुडबुड्यांवरून आठवण. आमच्या तरुणपणी सुला-बिला काही नव्हतं. नारायणगावला शामराव चौगुल्यांची शातो इंदाज होती. १९८० च्या दशकात त्यांनी फ्रेंच तंत्रानं बुडबुड्यांची वाईन केली, ती इंग्लंडात 'ओमर खय्याम' नावानं विकली जायची आणि आपल्याकडे 'मार्किझ द पॉम्पादूर'. त्या नावाचा उच्चार आमच्या हॉटेलच्या वेटरनं जो केला होता तो इथे लिहिता येणार नाही. पुढे कंपनी बुडाली. पण पुणे-नाशिक रस्त्यावर लोक मिसळ खायला थांबतात तिथून जगात जाणारी वाईन निघत होती, हे आताच्या पोरांना खरं वाटत नाही.

२००१ मध्ये राज्यानं द्राक्षप्रक्रिया धोरण आणलं, इथल्या वाईनला उत्पादनशुल्क माफ केलं, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क काढले, तेव्हापासून ही रांग लागली. तुमच्या बाराशेत चांगली बाटली येते त्यामागे तेही आहे.

---

पहिलटकर

मग इंपोर्टेड का महाग? माझा भाऊ मेलबर्नहून येतोय. त्याला काय आणायला सांगू?

---

राईनकाठी

आयात वाईनवर आपल्याकडे सीमाशुल्कच एकूण १५० टक्के असतं. त्यावर राज्याचे कर, आयातदार, दुकानदार. म्हणजे तिकडे पाण्याच्या भावात मिळणारी बाटली इथे दोन हजारांना, आणि आत वाईन त्या पाण्याच्या भावाचीच. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारात डिसेंबर २०२२ पासून शुल्क उतरायला लागलंय, पण तेही बाटलीची आयात किंमत पाच डॉलरच्या वर असेल तरच. म्हणून माझं मत, हजार-दीड हजाराच्या टप्प्यात परदेशी लेबलला भुलू नका. त्या पैशात नाशिकची, अकलूजची किंवा बंगळुरूजवळच्या नंदी हिल्सची बाटली कधीही बरी. ग्रोव्हर झाम्पा कंपनीची व्हिओन्ये (व्हाईट) शोधा, जर्दाळूसारखा वास, बासुंदीच्या आधीच्या जेवणाला शोभते.

भावाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं, म्हणजे दोन बाटल्या. शिराझ सांगू नका, ती भारतात आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर व्हॅलीची रिझलिंग सांगा. ड्राय असते, लिंबासारखी. कोळंबीबरोबर उघडा.

---

तिरफळ

आणि मेहेरबानी करून बाटल्या गाडीच्या डिकीत विसरू नका. आमच्या ह्यांनी मे महिन्यात नाशिकहून चार बाटल्या घेतल्या, वाटेत सासुरवाडीला जेवायला थांबले. दुपारी दोन ते पाच गाडी उन्हात. घरी आल्यावर एका बाटलीचं बूच अर्धा इंच वर आलेलं आणि डिकीला मुरांब्यासारखा वास. उघडली तर शिजलेली. बाकी तीन पण तशाच, नुसतं दिसत नव्हतं. हे अजूनही म्हणतात की उरलेल्यांची चव 'वेगळी' होती, वाईट नव्हती. मी त्यात मटण मुरवलं.

---

चिकूवाडी

द्राक्षापलीकडे कुणी गेलंच नाही. बोर्डीला चिकूची वाईन बनते, नाशकात जांभळाची. जांभळाची थंड करून, सुक्या खोबऱ्याची चटणी आणि भाकरीबरोबर घ्या. तुरटपणा आहे पण टोचत नाही. चिकूची मात्र जेवणाबरोबर नको, तशीच प्या.

---

पहिलटकर

अहवाल देतो. शनिवारी शेनिन आणली. दुकानदारानं वरच्या फळीवरची दिली, मी फ्रिजमधली मागितली, तो माझ्याकडे बघतच राहिला. वर्ष तपासलं, मागच्याच वर्षीची. घरी पिठलं, भाकरी, कांदा, आणि ठेचा (माहितीये, पण ठेच्याशिवाय पिठलं आमच्यात होत नाही).

ठेच्यानं वाईनला पहिल्या फेरीत चीत केलं. मग ठेचा बाजूला सारला आणि पिठल्यात लिंबाऐवजी वाईनवर भिस्त ठेवली. लसणाचा वास आणि त्या थंड गोडसरपणाचं जे झालं ते मला शब्दात सांगता येत नाही. बायकोनं दोन घोट घेतले, मग तिसरा, मग ग्लास माझ्या हातातून काढून घेतला.

वडील शेजारी बसले होते. आयुष्यात थेंब नाही. त्यांनी ग्लास नाकाजवळ नेला, बराच वेळ वास घेतला, आणि म्हणाले, "पेरू." परत दिला. मी पुन्हा वास घेतला. पेरूच होता. पिकलेला, पिवळा.

३७५ ची नव्हती मिळाली. अर्धी छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवलीय, उद्या वडिलांच्या आवडीची अळूची वडी आहे.

---

गंगापूर_रोड

वडिलांना भिशीत घ्या, नुसता वास घ्यायला. आमच्यात १२ महिन्यांत कुणाला पेरू सापडला नव्हता.

अळूवडीत चिंच-गूळ असेल तर सुलाची गोडसर चालेल. नुसती चिंच असेल तर जपून. पुढच्या शनिवारी माझा नंबर आहे, जळगावची शेवभाजी करतोय. बाटली सुचवा.

---

वेलीखालचा

रोझे. आणि रस्सा ताटात वाढल्यावरच शेव टाका.